तारेखालची दोन वर्षे

अमरावती शहरापासून दहा-बारा किलोमीटरवर, नागपूरकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गालगत वसलेले नांदगाव पेठ हे गाव अलीकडच्या काळात औद्योगिक वसाहत, कापड उद्योग आणि १३५० मेगावॅटचा औष्णिक वीज प्रकल्प यांमुळे ओळखले जाऊ लागले, आणि कापूस, सोयाबीन व तुरीच्या हंगामावर चालणाऱ्या घरांच्या शेजारी महिन्याच्या पगारावर चालणारी घरेही तेथे नांदू लागली. दातांना तार लावण्याच्या उपचाराचा विचार करताना हा तपशील वरकरणी अप्रस्तुत वाटेल. परंतु ज्या उपचाराला साधारण दीड ते दोन वर्षे लागतात, ज्यात दर चार ते सहा आठवड्यांनी दवाखान्याची फेरी चुकत नाही आणि ज्याचे पैसे बहुधा हप्त्यांनी भरले जातात, तो उपचार रुग्णाच्या घरातील पैशाच्या आणि वेळेच्या गणिताशी जुळतो की नाही, यावर त्याचे बरेचसे सुखदुःख ठरते. दंतवैद्यकाच्या ग्रंथांत तारेमुळे होणारी वेदना, खाण्याची अडचण आणि दिसण्याविषयीचा संकोच यांच्या मोजमापावर विपुल लेखन झाले आहे. या गणितावर त्या मानाने फारच थोडे.

वेडेवाकडे, पुढे आलेले किंवा एकमेकांवर चढलेले दात आणि जबड्यांची चुकीची जुळणी यांना दंतवैद्य एकत्रितपणे मॅलऑक्लूजन म्हणतात, आणि ते दुरुस्त करणारी शाखा म्हणजे ऑर्थोडॉन्टिक्स. अमेरिकेतील एडवर्ड अँगल यांनी १८९९ मध्ये वरच्या व खालच्या पहिल्या मोठ्या दाढा एकमेकींवर कशा बसतात हे पाहून या दोषांचे तीन वर्ग पाडले. दाढांची जुळणी ठीक, पण पुढच्या दातांत गर्दी किंवा फटी असल्या तर पहिला वर्ग. खालची दाढ मागे राहिली तर दुसरा, ज्यात वरचे दात पुढे आलेले दिसतात. आणि खालची दाढ पुढे सरकलेली असली तर तिसरा. सव्वाशे वर्षांनंतरही दंतवैद्याच्या नोंदवहीतील पहिली ओळ बहुधा हीच असते. हा सारा खटाटोप केवळ चेहऱ्याच्या शोभेसाठी आहे, हा समज मात्र अपुरा आहे, कारण वरचे पुढचे दात खालच्या दातांपेक्षा तीन मिलिमीटरहून अधिक पुढे असले, तर सायकलवरून पडताना किंवा खेळताना ते मोडण्याचा धोका जवळपास दुपटीने वाढतो, आणि खालचे दात टाळूत रुतत असले तर तेथील हिरडी कायमची दुखावते.

दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. त्याचे मूळ आणि भोवतीचे हाड यांच्या मधे साधारण पाव मिलिमीटर जाडीचा तंतुमय पडदा असतो, आणि तारेची सगळी करामत या पडद्यावर चालते. दाताच्या बाहेरच्या पृष्ठभागावर ब्रॅकेट नावाची छोटी खाचेची पट्टी चिकटवली जाते, खाचेतून कमानीसारखी तार ओवली जाते, आणि मूळ आकाराकडे परतू पाहणारी ती तार दातावर मंद पण सतत दाब देते. ज्या बाजूला दाब पडतो तेथील हाड विशिष्ट पेशी विरघळवतात आणि ज्या बाजूला ताण पडतो तेथे दुसऱ्या पेशी नवे हाड भरतात. अशा रीतीने दात महिन्याला सुमारे एक मिलिमीटर सरकतो. ‘डॉक्टर, जरा लवकर नाही का होणार?’ या प्रश्नाचे उत्तर त्यामुळे डॉक्टरांच्या हाती फारसे नसते, कारण दाब वाढवल्याने वेग वाढत नाही. उलट पडद्यातील रक्तपुरवठा दबून दात अडून बसतो आणि मुळाचे टोक झिजण्याची भीती वाढते.

पूर्वी प्रत्येक दाताभोवती धातूची पट्टी बसवावी लागत असे, आणि हसताना तोंडभर धातूच दिसे. मायकेल ब्युओनोकोर यांनी १९५५ मध्ये दाताचे एनॅमल आम्लाने खरखरीत करून त्यावर राळ चिकटवण्याची युक्ती दाखवली, तिच्या आधाराने पुढील दशकांत ब्रॅकेट थेट दातावर चिकटू लागले, आणि १९७० च्या दशकात निकेल-टायटॅनियमची लवचीक तार आल्यावर सुरुवातीचा दाब पुष्कळ सौम्य झाला. या तारेच्या काही प्रकारांचा गुण असा की ती शरीराच्या उष्णतेने ताठरते आणि थंडाव्याने सैलावते. म्हणूनच पहिल्या दिवसांत माठातल्या गार पाण्याची गुळणी रुग्णाला थोडा वेळ बरी वाटते आणि गरम चहाने कळ उठते, यात नुसता मनाचा खेळ नसतो.

आता मुख्य प्रश्न. ‘जीवनाची गुणवत्ता’ ही कल्पना जागतिक आरोग्य संघटनेने गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात ज्या अर्थाने मांडली, त्यानुसार माणूस ज्या संस्कृतीत व मूल्यव्यवस्थेत जगतो तीत आपले स्थान त्याला स्वतःला कसे वाटते, हे त्याच्या अपेक्षा आणि काळज्या यांच्या संदर्भात पाहायचे असते. डॉक्टरला दात कसा दिसतो याच्याशी त्याचा थेट संबंध नाही. तोंडाच्या आजारांसाठी ही कल्पना कॅनडातील डेव्हिड लॉकर यांनी १९८८ मध्ये पायऱ्यांच्या रूपात मांडली: आजारातून उणीव, उणिवेतून कार्यात अडथळा व अस्वस्थता, त्यातून असमर्थता आणि शेवटी समाजात वावरण्यातील कमीपणा. त्यावर आधारून ऑस्ट्रेलियातील गॅरी स्लेड व जॉन स्पेन्सर यांनी १९९४ मध्ये ४९ प्रश्नांची प्रश्नावली तयार केली आणि स्लेड यांनी १९९७ मध्ये ती १४ प्रश्नांवर आणली. ओएचआयपी-१४ या नावाने ती आज जगभर वापरली जाते. शब्द उच्चारायला त्रास झाला का, चव बिघडल्यासारखी वाटली का, जेवण मधेच थांबवावे लागले का, लाजल्यासारखे झाले का, नेहमीची कामे अवघड गेली का, अशा प्रश्नांना ‘कधीच नाही’ ते ‘फार वेळा’ अशी उत्तरे असतात, प्रत्येकाला शून्य ते चार गुण मिळतात, आणि बेरीज शून्य ते ५६ यांच्या दरम्यान येते. बेरीज जितकी मोठी तितका त्रास अधिक.

या प्रश्नावलीची एक मर्यादा अभ्यासकांना लवकरच जाणवली. तिची विधाने दातांच्या तक्रारी घेऊन आलेल्या प्रौढ रुग्णांच्या मुलाखतींतून निघाली होती, आणि दुखणारी दाढ घेऊन आलेल्या पन्नाशीच्या गृहस्थाचे जग आठवीतल्या मुलीच्या जगापेक्षा वेगळे असते. म्हणून टोरोंटोच्या संशोधकांनी २००२ मध्ये ११ ते १४ वर्षांच्या मुलांसाठी स्वतंत्र प्रश्नावली केली, जिच्यात तोंडातील लक्षणे, कार्यातील अडथळे, भावनिक स्वास्थ्य आणि सामाजिक स्वास्थ्य असे चार भाग आहेत. आणि जर्मनीतील क्लागेस व सहकाऱ्यांनी २००६ मध्ये केवळ दातांच्या दिसण्याचा मनावर होणारा परिणाम मोजणारी २३ प्रश्नांची प्रश्नावली दिली. टोरोंटोच्याच गटाने मुलाच्या तोंडाच्या तक्रारींचा कुटुंबावर किती भार पडतो हे विचारणारी एक छोटी पुरवणीही केली होती. अमरावतीच्या परिसरातील, म्हणजे वऱ्हाडातील, घराचा विचार केला तर तीच सर्वांत अधिक उपयोगी ठरावी, कारण पहिल्या आठवड्यात मुलासाठी वेगळी मऊ खिचडी शिजवणारी आई, एका दिवसाची मजुरी किंवा पाळी बुडवून त्याला शहरात नेणारा बाप आणि फीचा हप्ता ओढणारे घर यांतले काहीही रुग्णाच्या १४ प्रश्नांत उमटत नाही.

मोजमापांतून निघणारे चित्र बहुतेक ठिकाणी सारखे आहे. तार लावल्यावर दोन-चार तासांत ठणका सुरू होतो, सुमारे चोवीस तासांनी तो टोकाला जातो आणि आठवडाभरात उतरतो. ब्रॅकेटच्या कडा घासून गालाच्या व ओठांच्या आतल्या बाजूला फोड येतात, त्यांवर मेणाची गोळी दाबून बसवायला देतात. याच आठवड्यात प्रश्नावली भरून घेतली तर जीवनाची गुणवत्ता उपचारापूर्वीपेक्षा खालावलेली दिसते. महिन्याभरात ती सावरू लागते, मधल्या काळात तार कसण्याच्या प्रत्येक भेटीनंतर दोन-तीन दिवस पुन्हा थोडी घसरते, आणि तारा काढल्यावर बहुतेकांची पातळी मूळच्यापेक्षा वर जाते. ‘तारेने त्रास होतो’ आणि ‘तारेने आयुष्य सुधारते’ ही दोन्ही विधाने त्यामुळे एकाच रुग्णाच्या बाबतीत खरी असू शकतात. कोणत्या तारखेला विचारले एवढाच काय तो फरक. दवाखान्यांच्या जाहिरातींत फक्त शेवटची तारीख छापली जाते, हे सांगायला नको.

खाण्याच्या बाबतीत पाश्चात्त्य पत्रकांत सफरचंद, पॉपकॉर्न आणि टॉफी टाळा असे लिहिलेले असते. वऱ्हाडातल्या रुग्णापुढचा प्रश्न वेगळा आहे, कारण येथील रोजच्या व सणाच्या जेवणातील कितीतरी पदार्थ दाताच्या जोरावर खायचे असतात. ज्वारीची भाकर ताजी असताना चालते, पण सकाळची शिळी, कडक झालेली भाकर वरणात किंवा दुधात कुस्करल्याखेरीज पहिल्या आठवड्यात घशाखाली उतरत नाही. गोवऱ्यांच्या विस्तवावर भाजलेल्या रोडग्याचे कडक कवच समोरच्या दातांनी तोडायला गेले की ब्रॅकेट निखळते, आणि बहिरमच्या यात्रेत महिनाभर चालणारा रोडग्यांचा व हंडीतल्या मटणाचा बेत तारवाल्याने मऊ भाग कुस्करून आणि हाडूक बाजूला ठेवूनच साजरा करावा लागतो. ऊस सोलून खाणे, बोरे, भाजलेल्या शेंगा आणि फुटाणे या हिवाळ्यातल्या गोष्टी तर सरळ वर्ज्य. मिरचीचा ठेचा वर्ज्य नाही, पण फोड आलेल्या गालाला तो काय करतो हे त्या घरातील माणसांना सांगावे लागत नाही. दिवाळीच्या फराळात अनारसा, शंकरपाळ्यांचा मऊ प्रकार आणि बेसनाचा लाडू चालतो. चकली, कडक बुंदीचा लाडू आणि चिक्की यांच्यामुळे दिवाळीनंतरच्या आठवड्यात निखळलेले ब्रॅकेट घेऊन येणाऱ्यांची वाट दंतवैद्याने पाहावी हे उघड आहे. एक निखळलेले ब्रॅकेट म्हणजे एक जादा फेरी, आणि तेवढ्या काळात त्या दाताचे सरकणे थांबते किंवा उलटते. एक किरकोळ पण तरुण रुग्णांना फार टोचणारी गोष्ट अशी की तार ब्रॅकेटला बांधणारे पारदर्शक रबर हळदीने दोन दिवसांत पिवळे पडते. पुष्कळ जण निळे किंवा करडे रबर निवडतात ते या कारणाने.

खाण्याच्या या यादीत विदर्भाची स्वतःची एक भर आहे. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकवर घोटून केलेला खर्रा तरुणांच्याच काय, शाळकरी मुलांच्याही हाती लागतो, आणि महाराष्ट्रात २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी आल्यानंतरही टपरीवरची ही सवय सुटलेली नाही. सुपारीचे तुकडे तारेत अडकतात, ब्रॅकेट तोडतात आणि त्याभोवतीचे एनॅमल डागाळतात. पण याहून गंभीर बाब म्हणजे सुपारीने तोंडाच्या आतले आवरण कडक होऊन तोंड उघडणेच कमी होत जाते, त्या आजाराला सबम्यूकस फायब्रोसिस म्हणतात, आणि तो कर्करोगाची पूर्वावस्था मानला जातो. तार लावलेल्या खर्रा खाणाऱ्या मुलाला दर महिन्याला दंतवैद्यापुढे तोंड उघडावे लागते, म्हणजे ही खूण इतरांच्या मानाने त्याच्यात लवकर सापडण्याची संधी तरी असते. तारेच्या उपचाराचा हा अनपेक्षित लाभ कोणत्याही प्रश्नावलीत नाही. ब्रॅकेट सुटण्यात पाण्याचाही वाटा आहे. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यातील काही भागांत विहिरी-बोअरच्या पाण्यात फ्लोराइड प्रमाणाबाहेर आहे, आणि त्यामुळे चट्टे पडलेले एनॅमल आम्लाला दाद देत नसल्याने त्यावर ब्रॅकेट नीट चिकटत नाही. अशा रुग्णाच्या तारा वारंवार सुटतात आणि दोष मात्र पुष्कळदा त्याच्या खाण्यावर ढकलला जातो.

बोलण्याची अडचण समजली जाते तितकी मोठी नसते. बाहेरून लावलेल्या तारेने उच्चार दोन-चार दिवस अडखळतात, टाळूवर बसणाऱ्या काढघालीच्या प्लेटने आणि दातांच्या आतल्या बाजूने लावलेल्या तारेने मात्र त, द, स ही अक्षरे काही आठवडे बोबडी होतात. खेळाडूंचे प्रकरण निराळे. १९१४ मध्ये स्थापन झालेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळामुळे अमरावतीत व्यायाम आणि मैदानी खेळ यांची परंपरा घराघरांत पोहोचली आहे, आणि कबड्डी किंवा कुस्ती खेळणाऱ्या मुलाच्या तोंडावर कोपर लागले तर तारेमुळे ओठ आतून फाटतो. त्यासाठी तारेवरून बसणारे रबरी कवच मिळते, पण ते वापरण्याची पद्धत आपल्याकडे अजून रुजायची आहे.

दिसण्याच्या प्रश्नाकडे आले की चर्चेचा सूर बदलतो. पुढे आलेल्या दातांवरून शाळेत पडणारी नावे, छायाचित्रात ओठ मिटून उभे राहण्याची सवय, हसताना तोंडापुढे येणारा हात हे सर्व खरे आहे, आणि मुलींच्या बाबतीत त्यात लग्नाच्या बाजाराची भर पडते. ‘दाखवण्याच्या कार्यक्रमाआधी तारा निघाल्या पाहिजेत’ ही अट घेऊन येणाऱ्या पालकांपुढे दंतवैद्याला हाडाचा वेग आणि मुहूर्ताचा वेग यांचा मेळ घालावा लागतो, आणि घाईत तारा लवकर काढल्या तर दात परत फिरण्याची शक्यता वाढते. ज्या मुलीला स्वतःच्या दातांविषयी कधी तक्रार नव्हती, तिला इतरांच्या नजरेसाठी दोन वर्षे तार वागवायला लावणे आणि मग तिच्या जीवनाची गुणवत्ता वाढली असे नोंदवणे, यात कोणाची गुणवत्ता वाढली, असा प्रश्न विचारण्याजोगा आहे.

या संदर्भात ब्रिटनमधील कार्डिफचा अभ्यास आवर्जून सांगितला पाहिजे. तेथे १९८१ मध्ये अकरा-बारा वर्षांच्या १०१८ मुलांची तपासणी झाली आणि वीस वर्षांनंतर त्यांपैकी ३३७ जणांना पुन्हा गाठून त्यांचे दात व मनःस्थिती तपासली गेली. ज्यांना गरज होती आणि ज्यांनी उपचार घेतले, त्यांचे दात अधिक सरळ होते आणि दातांविषयीचे समाधानही अधिक होते. परंतु बालपणीचा आत्मसन्मान हिशेबात घेतल्यावर प्रौढपणीच्या मानसिक स्वास्थ्यात उपचाराचा वाटा नगण्य निघाला, आणि उपचार न मिळालेल्यांचे मन त्यामुळे खचले असेही दिसले नाही. ब्रिटनमध्येच आठ ते दहा वर्षांच्या मुलांवर झालेल्या दुसऱ्या एका चाचणीत, पुढे आलेले दात लवकर मागे घेतल्याने मुलांची स्वतःविषयीची प्रतिमा सुधारली आणि चिडवणे कमी झाल्याचे २००३ मध्ये नोंदले गेले. किशोरवयात पुन्हा पाहिले तेव्हा तो फरक उरला नव्हता. यावरून तार निरुपयोगी ठरत नाही. चिडवले जात असलेल्या मुलाची शाळेतली दोन-तीन वर्षे सुसह्य होणे हाही मोठाच लाभ आहे. पण तारेने आत्मविश्वास मिळतो, नोकरी मिळते, आयुष्य बदलते अशी आश्वासने देण्याइतका पुरावा हाती नाही, आणि पाच आकडी रक्कम मोजणाऱ्या कुटुंबाला हे आधी सांगितले गेले पाहिजे.

रकमेचा विषय आला की वऱ्हाडचे वेगळेपण पुन्हा समोर येते. अमरावतीत विदर्भ यूथ वेल्फेअर सोसायटीचे, अकोल्यात जमनालाल गोयनका यांच्या नावाचे, वर्ध्याजवळ सावंगी मेघे येथे शरद पवार यांच्या नावाचे दंत महाविद्यालय आहे, आणि नागपुरात शासकीय दंत महाविद्यालय आहे. दंत महाविद्यालयांत एकूणच उपचार खाजगी दवाखान्यापेक्षा स्वस्त पडतात. त्या स्वस्ताईची किंमत वेळेत चुकवावी लागते. भेटीचा दिवस पूर्ण जातो, आणि ऑर्थोडॉन्टिक्सचा पदव्युत्तर अभ्यासक्रम तीन वर्षांचा असल्याने उपचार करणारा विद्यार्थी-डॉक्टर मधेच उत्तीर्ण होऊन गेला तर रुग्ण दुसऱ्याच्या हाती सोपवला जातो. आरोग्य विम्यात अपघाताखेरीज दातांचा खर्च बहुधा धरला जात नाही. नांदगाव पेठेतील कारखान्यात पगारावर असलेल्या माणसाला मासिक हप्ता जमतो, पण सुटी जमत नाही. कापूस उत्पादकाला शेतीच्या सवडीच्या महिन्यांत सुटी जमते, पण हातात पैसा कापूस विकल्यावरच येतो, आणि पाऊस किंवा बोंडअळी यांनी हंगाम बुडवला तर तारेचा हप्ता हा घरातील पहिला थांबणारा खर्च असतो.

थांबलेला उपचार ही या साऱ्या विषयातील सर्वांत वाईट अवस्था आहे, आणि संशोधनात ती सर्वांत कमी दिसते, कारण जो येणे बंद करतो तो प्रश्नावलीही भरत नाही. तोंडात तार तशीच राहते, कसली जात नाही, ब्रॅकेटभोवती अन्न साचून हिरड्या सुजतात, एनॅमलमधील खनिज झिरपून खडूसारखे पांढरे डाग पडतात आणि पुढे तेथे कीड लागते. काही दात काढून जागा केलेली असेल तर ती जागा अर्धीच भरलेली राहते. पैशाखेरीज याचे दुसरे कारण शिक्षणाचे स्थलांतर आहे. दहावीनंतर नीटच्या शिकवणीसाठी अकोला किंवा लातूर, बारावीनंतर पुणे किंवा नागपूर हा वऱ्हाडातील मुलांचा ठरलेला रस्ता झाला आहे, आणि नेमक्या याच वयात तारा लागतात. नव्या गावातील दंतवैद्य दुसऱ्याने लावलेली तार हाती घ्यायला बिचकतो, कारण ब्रॅकेटचा प्रकार, मूळ योजना आणि भरलेले पैसे यांचा मेळ त्याला लागत नाही. उपचार सुरू करतानाच पुढच्या दोन वर्षांत मूल कोठे शिकणार आहे हे विचारून घेणे आणि क्ष-किरण चित्रे व साचे यांची एक प्रत रुग्णाकडे देणे, एवढ्या दोन गोष्टींनी यातील बराच त्रास टळेल.

दुभंगलेल्या ओठाने व टाळूने जन्मलेली मुले या चर्चेत वेगळी काढावी लागतात. त्यांच्या शस्त्रक्रियेसाठी शासकीय योजना व धर्मादाय मदत मिळते, परंतु वरच्या जबड्यातील फटीत हाड भरण्यापूर्वी दातांची कमान रुंद करावी लागते आणि नंतर वाकडे उगवलेले दात जागी आणावे लागतात. म्हणजे शिवलेल्या ओठानंतर कित्येक वर्षे तारेचे काम उरते. त्यांच्यासाठी तार ही बोलण्याची, चावण्याची आणि चारचौघांत बसण्याची अट आहे, आणि सरकारी पैसा खर्च करण्याचे प्राधान्य ठरवायचे झाले तर ते येथून सुरू व्हायला हवे. ब्रिटनमध्ये १९८९ पासून उपचाराची गरज पाच पायऱ्यांत मोजण्याची पद्धत आहे आणि वरच्या पायऱ्यांवरील मुलांना सार्वजनिक सेवेतून तार मिळते. आपल्याकडे गरज आणि ऐपत यांच्यात असा कोणताही मध्यस्थ नाही.

पारदर्शक प्लेटांच्या, म्हणजे अलाइनरच्या, उपचाराविषयी थोडक्यात सांगणे पुरे. १९९७ मध्ये स्थापन झालेल्या एका अमेरिकी कंपनीने तो लोकप्रिय केला. जेवताना प्लेट काढता येत असल्याने खाण्याचा त्रास नाही, दिसण्याचा संकोच नाही, मात्र खर्च अधिक आणि दिवसाचे वीस-बावीस तास ती घालण्याची शिस्त रुग्णाची स्वतःची. वऱ्हाडी उन्हाळ्यात बंद गाडीत विसरलेली प्लेट वाकडी होऊन जाते, हे परदेशी पुस्तकांत ठळक केलेले नसते.

तारा निघाल्यावर उपचार संपला असे रुग्ण समजतो, आणि येथेच पुष्कळांचे दात परत फिरू लागतात, कारण हिरडीतील ताणलेले तंतू नव्या जागेशी जुळवून घ्यायला वर्षभराहून अधिक वेळ घेतात आणि वयाबरोबर खालच्या दातांची गर्दी तशीही वाढते. म्हणून दात जागी धरून ठेवणारी रिटेनर नावाची प्लेट रात्री घालायची असते किंवा पुढच्या दातांच्या आतून बारीक तार चिकटवली जाते, आणि हे काही वर्षे, पुष्कळांच्या बाबतीत कायम चालू ठेवावे लागते. या टप्प्यात दवाखान्याची भेट सहा महिन्यांवर जाते, हप्ता संपलेला असतो, मूल बाहेरगावी शिकायला गेलेले असते, आणि लग्नाच्या पंगतीत कागदात गुंडाळून ठेवलेली प्लेट पत्रावळीबरोबर टाकून दिली जाते. नवी प्लेट करायची तर पुन्हा साचा, पुन्हा फेरी आणि पुन्हा पैसे लागतात, आणि बहुतेक अभ्यासांतील शेवटची प्रश्नावली तोवर भरून झालेली असते.